खिडकीतल्या मंदाताई

मंदाताईंचा चेहरा आठवायला गेलं की आधी खिडकीचे गज आठवतात. मग त्यांच्यामागे हळूहळू बाकीचं येतं. डोक्यावर सरकवलेला चष्मा, पिठाचे नाहीतर साबणाचे हात, आणि बोलता बोलता मान मागे वळवून घरात बघून घ्यायची ती सवय. अलिबागच्या आमच्या इमारतीत त्या तळमजल्यावर राहायच्या, आम्ही पहिल्या मजल्यावर. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी जिन्याला लागूनच होती, त्यामुळे वर-खाली करणाऱ्या प्रत्येकाशी त्यांचं बोलणं व्हायचं. पण दारात उभ्या राहून बोलताना त्यांना कधी कुणी पाहिलं नव्हतं.

आम्ही नवीन राहायला आलो, त्याच आठवड्यात सकाळी ऑफिसला निघाले असताना त्यांनी मला हाक मारली.

"अहो वहिनी, दूधवाला पिशवी दाराच्या कडीला अडकवून गेलाय. जरा खिडकीतून देता का?"

मी म्हटलं, "दार उघडा ना, देते की."

"दार आत्ता नाही उघडत मी. तुम्ही अशी आडवी धरा पिशवी, येते गजांतून."

खरंच आली. त्यांच्यामागे एक उंच, गोरटेली मुलगी जागच्या जागी उड्या मारत होती. केस घट्ट दोन वेण्यांत बांधलेले. वय सतरा-अठराचं, पण उडी मारताना तोंडावर जे हसू होतं ते तीन वर्षांच्या पोरीचं.

"ही सुजाता, माझी मुलगी," मंदाताई म्हणाल्या. "मुलांचं एक पळायचं वय असतं ना, हातातून निसटायचं? हिचं ते अजून गेलेलं नाही. एवढंच."

त्या 'एवढंच'मध्ये किती काय होतं ते मला पुढच्या आठ-नऊ वर्षांत कळत गेलं.

सुजाता स्वमग्न होती. शब्द मोजकेच बोलायची, तेही मनात आलं तर. दुखलं-खुपलं सांगता यायचं नाही. आणि दार उघडं दिसलं की पळायची. कुठे जायचंय असं काही नसायचं, पण पाय बहुतेक वेळा समुद्राकडे वळायचे. म्हणून मंदाताईंनी दाराला आतून वर, सुजाताचा हात पोचणार नाही इतक्या उंच, एक जाडजूड कडी बसवून घेतली होती आणि तिला आतून-बाहेरून चावीने उघडणारं कुलूप. चावी त्यांच्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात. आंघोळीला जातानाही ती निघायची नाही. दुसरी चावी त्यांच्या यजमानांकडे.

त्या मूळच्या माणगावकडच्या. रेवसच्या बाजूला एका गावातल्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. सुजाता लहान होती तोवर त्यांच्या आई येऊन राहायच्या, तिला सांभाळायच्या. आई गेल्या, सुजाता अंगाने वाढली, मुलीला आवरायला ठेवलेली कुणीही बाई महिनाभरापेक्षा जास्त टिकेना. शेवटी मंदाताईंनी नोकरी सोडली. त्यांचे यजमान प्रकाशराव मुंबईला नोकरीला. ते चेंबूरला भावाकडे राहायचे आणि शनिवारी मांडव्याच्या बोटीने घरी यायचे. आधी दर शनिवारी यायचे. पुढे एक शनिवार सोडून एक.

प्रकाशराव वाईट माणूस नव्हते, हे मला आधीच सांगून टाकायला हवं. ते आले की सुजाताची नखं कापायचे, तिला समोर बसवून तास-तासभर तेल लावून वेण्या घालायचे. पण रविवारी दुपारनंतर त्यांचं चित्त लागायचं नाही. एकदा त्यांचं बोलणं जिन्यात माझ्या कानावर पडलं. ते म्हणत होते, "मी आलो की तू माझ्याकडे कशी बघतेस माहितीये? तुरुंगात भेटायला आलेल्या नातेवाइकाकडे बघतात तशी."

मंदाताई म्हणाल्या, "मग भेटायला आलायत तर बसा ना जरा. लगेच घड्याळ कशाला बघताय?"

शिकवण्याची त्यांची हौस काही गेली नव्हती. संध्याकाळी इमारतीतली चार-पाच मुलं जिन्याच्या पायऱ्यांवर पाटी-पुस्तकं घेऊन बसायची आणि मंदाताई खिडकीतून त्यांचे पाढे घ्यायच्या. भाजी चिरताचिरता घ्यायच्या. "सात सक?" त्या विचारायच्या, आणि मुलं अडखळली की आतून सुजाता जोरात ओरडायची, "बेचाळीस!" तिला त्याचा अर्थ कळत असेल असं वाटत नाही, पण ऐकून ऐकून ते तिच्या जिभेवर बसलं होतं. मुलं खदखदून हसायची, सुजाताही हसायची. माझी लेक ओवी पाढे शिकली ती त्या पायऱ्यांवरच.

एकदा एका मुलाची आई वरून ओरडली, "त्या वेडीच्या खिडकीपाशी कशाला बसतोस रे?" मंदाताईंनी ऐकलं. चेहरा लाल झाला. पण आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "अहो ताई, तुमच्या मुलाला अजून नऊचा पाढा येत नाही. तो आला की घेऊन जा." ती बाई खाली आली नाही आणि मुलगाही उठला नाही.

मला मात्र त्यांचा एक प्रश्न आठवतो. ओवीला शोधत मी खाली आले की त्या विचारायच्या, "आतच आहे ना?" फाटकाच्या आत, असं त्यांना म्हणायचं असायचं. मांजर दिसेनासं झालं तरी तेच, पाहुण्यांचं मूल खेळायला गेलं तरी तेच. आत आहे म्हटलं की त्यांचे खांदे सैल व्हायचे. मूल पडलं, रडलं, मातीत लोळलं, त्याचं त्यांना काही वाटायचं नाही. ओवी चालायला लागली तेव्हा मी सारखी तिच्या मागे मागे असायची. त्या म्हणायच्या, "पडू दे गं वैशाली. पडणाऱ्या पोरांची काळजी नसते. पडलं की ते तिथंच सापडतं तरी."

एका रविवारी सुजाता सापडली नाही.

प्रकाशराव मासळी आणायला गेले होते. मंदाताई न्हाणीत होत्या. प्रकाशराव परत आले तर दार सताड उघडं. जाताना कुलूप घालायचं ते विसरले होते. मी स्कूटर काढली. मंदाताई ओल्या केसांनी, घरातल्या गाऊनवर ओढणी टाकून मागे बसल्या. रस्ताभर माझ्या खांद्यात रुतलेली त्यांची बोटं मला दुसऱ्या दिवशीही दुखत होती.

ओहोटी नुकतीच संपली होती. समुद्रातल्या किल्ल्यापर्यंत वाळू उघडी पडली होती आणि पर्यटकांना घेऊन घोडागाड्या जात-येत होत्या. पण भरती सुरू झालेली होती. गाडीवाले लोकांना परत फिरवत होते. आणि त्या सगळ्यांच्या पलीकडे, किल्ल्याच्याही उजव्या अंगाला, दोन वेण्या दिसल्या. सुजाता गुडघाभर पाण्यात उड्या मारत पुढे पुढे चालली होती.

प्रकाशराव रिक्षाने मागोमाग पोचले होते. ते तिला हाका मारत धावत सुटले. ते धावले तशी तीही धावली. तिला वाटलं, खेळ चाललाय.

"अहो, थांबा!" मंदाताई किंचाळल्या. "मागं लागू नका तिच्या! थांबा म्हणते ना!"

प्रकाशराव थांबले. मग मंदाताई एकट्याच पुढे गेल्या. पाणी गुडघ्याला लागलं तिथवर गेल्या आणि सुजाताकडे चक्क पाठ करून पाण्यात बसल्या. छातीपर्यंत पाणी आलं. आणि त्या टाळ्या वाजवायला लागल्या. संथ, शाळेत कवायतीला वाजवतात तशा. तोंडाने सातचा पाढा. आम्ही काठावर उभे. एक घोडागाडीवाला ओरडत होता, "ओ बाय, पानी भरतंय! मागं या!"

सुजाता थांबली. वळून पाहिलं. मग रमतगमत, वाटेत लाटांशी खेळत ती मागे आली आणि आईच्या शेजारी पाण्यात बसली. आईच्या हातावर आपला हात आपटून तीही टाळ्या देऊ लागली.

मला वाटलं, आता उठतील. त्या उठल्या नाहीत. लाट यायची, दोघींच्या गळ्यापर्यंत चढायची, ओसरायची. मंदाताईंच्या टाळ्या थांबल्या होत्या. त्या समोर आमच्याकडे बघत होत्या, पण आम्ही त्यांना दिसत असू असं वाटत नव्हतं. शेवटी तो गाडीवालाच घोड्यासकट पाण्यात शिरला आणि त्यांच्या दंडाला धरून म्हणाला, "बाय, ऊठ. पोर हाय ना तुझी? तिला घेऊन ऊठ." तेव्हा त्या उठल्या.

दोन-तीन दिवसांनी खिडकीत उभ्या राहून त्यांनी आपणहून विषय काढला.

"त्या दिवशी मला उठावंसं वाटेना गं. वाटलं, आता दोघी आहोत, बरोबर आहोत. माझ्यानंतर हिचं काय, हा प्रश्न तिथल्या तिथे सुटतोय." त्यांनी मान वळवून आत पाहून घेतलं. "तिला नव्हतं यायचं बरं का माझ्याबरोबर. तिला किल्ल्यावर जायचं होतं. मी बोलावलं म्हणून आली."

मी नुसती गजावरच्या त्यांच्या हातावर हात ठेवला. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि त्या गॅस बंद करायला वळल्या. पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही.

त्यानंतर प्रकाशरावांनी निवासी संस्थेचं बोलणं सुरू केलं. पोयनाडच्या पुढे, पेणच्या रस्त्यावर अशा मुलामुलींची एक संस्था होती. ते जाऊन पाहून आले होते, माणसं चांगली आहेत म्हणाले. मंदाताई ऐकूनच घ्यायच्या नाहीत. "तिला खरूज झाली तर ती सांगणार आहे का त्यांना? कुणी मारलं तर सांगणार आहे? मला तिच्या उड्यांवरून कळतं काय दुखतंय ते. त्यांना कोण शिकवणार?"

उत्तर दिलं ते न्हाणीघरातल्या शेवाळाने.

ओवीला ताप होता म्हणून मी त्या दुपारी घरी होते. खालून ताट आपटल्याचा आवाज येत होता. सुजाता कधीमधी आपटायची, पण हा आवाज थांबेना. मी खाली जाऊन खिडकीतून पाहिलं. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं, नळ वाहत होता.

"मंदाताई!"

"वैशाली?" आवाज आतून, जमिनीवरून आला. "मी पडलेय गं. न्हाणीत. पाय हलत नाहीये. केव्हाची हाका मारतेय."

दाराला आतून कुलूप. एक चावी त्यांच्या गळ्यात, दुसरी मुंबईत. त्या आतून सुजाताला सांगत होत्या ते मला ऐकू येत होतं. "सुजू, ही चावी घे. खिडकीत मावशी आहे, तिला दे. मावशीला दे चावी." सुजाता चावी घेऊन खिडकीपर्यंत आलीसुद्धा. मी गजांतून हात घातला. तिने माझ्या हाताकडे पाहिलं, चावीकडे पाहिलं, आणि परत आईकडे गेली. मग तिने एकेक वस्तू नेऊन आईजवळ ठेवायला सुरुवात केली. उशी नेली. पाण्याचा तांब्या नेला. बिस्किटाचा पुडा नेला. चावी मात्र तिने मुठीत धरून ठेवली.

शेवटी शेजारच्या पुरुषांनी सुताराला बोलावलं. त्याला दार तोडायला फार वेळ लागला. आतून मंदाताईंचा आवाज आला, "मीच भक्कम करून घेतलंय हो ते. वरच्या कोपऱ्यातून उचकटा."

दार पडलं. सगळे आत धावले आणि मग माझ्या लक्षात आलं की उघड्या दाराकडे कुणाचंच लक्ष नाही. मी घाबरून सुजाताला धरायला गेले. पण ती न्हाणीत बसली होती, ओल्या फरशीवर, आईचं डोकं मांडीवर घेऊन. समोर दार सताड उघडं होतं, जिना दिसत होता, फाटक दिसत होतं, रस्ता दिसत होता. ती जागची हलली नाही.

मंदाताईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. मुंबईला ऑपरेशन झालं आणि पुढे बरेच महिने बिछान्यात गेले. सुजाताला संस्थेत ठेवण्यावाचून इलाज नव्हता. तात्पुरतं, असं सगळ्यांनीच एकमेकांना सांगितलं.

काठी घेऊन चालता यायला लागल्यावर त्या पहिल्यांदा तिला भेटायला गेल्या. परत आल्या त्या संध्याकाळी त्या खिडकीत माझी वाट बघत होत्या.

"वजन वाढलंय तिचं," त्या म्हणाल्या. "चमच्याने जेवते. मी इतकी वर्षं भरवत होते, मला वाटायचं तिला जमणारच नाही. मला बघितल्यावर धावत आली. असा हात धरला, सोडीचना. मग जेवणाची घंटा झाली. घंटा झाल्यावर माझा हात सोडून गेली गं. रांगेत जाऊन उभी राहिली. वळून पाहिलंसुद्धा नाही."

त्यांना अभिमान वाटत होता की दुःख होत होतं, मला सांगता येणार नाही. बहुतेक त्यांनाही सांगता आलं नसतं.

पण त्या भेटीनंतर सुजाताने दोन दिवस काही खाल्लं नाही, भिंतीवर डोकं आपटत राहिली. संस्थेतल्या बाईंनी फोन करून सांगितलं, "तिला इथे रुजू द्यायचं असेल तर काही महिने येऊ नका. तुम्ही दिसलात की तिचं सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं." मंदाताईंनी ते मान्य केलं. तात्पुरतं हा शब्द त्यानंतर त्यांच्या घरात कुणी वापरला नाही.

लोक त्यांना म्हणायचे, "सुटलात हो मंदाताई." त्या म्हणायच्या, "हो ना." नवीन दाराला साधी कडी होती. ते उघडंच असायचं. तरी त्या बोलायला खिडकीतच यायच्या. जेवण ओट्याशी उभ्यानेच करायच्या. प्रकाशराव म्हणाले, आता चल मुंबईला, आपण खोली घेऊ. त्या म्हणाल्या, बघू. लग्नकार्याची बोलावणी आली तर अजून तेच म्हणायच्या, "सुजूला सोडून कसं येणार?" आणि मग स्वतःच गप्प व्हायच्या.

एकदा मी आणि ओवी त्यांना आग्रहाने बोटीने मुंबईला घेऊन गेलो. मांडव्याहून निघालो तेव्हा हवा छान होती, लोक बोटीच्या मागे येणाऱ्या पक्ष्यांना खायला टाकत होते. मंदाताई लग्नानंतर एकदा या बोटीत बसल्या होत्या म्हणे. पण त्यांनी समुद्र पाहिलाच नाही. त्यांनी ओवीचा फ्रॉक मागून मुठीत धरून ठेवला होता. ओवी तेव्हा चांगली नऊ वर्षांची होती. ती म्हणाली, "मावशी, सोड ना. मी पडत नाही." त्यांनी लगेच सोडला. थोड्या वेळाने पाहिलं तर पुन्हा मूठ फ्रॉकवर होती. गेटवेला उतरून आम्ही चहा प्यायलो. मी विचारलं, कुठे जायचं? साडीच्या दुकानात, राणीच्या बागेत, कुठेही? त्या गर्दीकडे बघत राहिल्या. इतकी सगळी माणसं इतक्या सगळ्या बाजूंनी कशी जातायत, याचं नवल वाटल्यासारख्या.

"परतीची बोट केव्हा आहे?" त्यांनी विचारलं.

पुढे माझी पनवेलला बदली झाली. निघताना त्या फाटकापर्यंत आल्या. कुणाला निरोप द्यायला त्या तिथवर आलेल्या मी पहिल्यांदाच पाहत होते. नंतर फोन व्हायचे, पण फोनवर त्या ओवीचंच विचारायच्या, स्वतःचं काही सांगायच्या नाहीत.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर कामासाठी अलिबागला गाडी घेऊन चालले होते. पेण मागे पडलं, वडखळही गेलं. पुढे एका एसटीच्या थांब्यावर एक बाई बसलेली दिसली. भर उन्हात थांब्याच्या शेडमध्ये बसूनही तिने छत्री उघडून समोर धरली होती. शेजारी टेकवलेली काठी. मी गाडी बाजूला घेतली.

"मंदाताई?"

"अगं, वैशाली!" त्या हसल्या. पण छत्री हलवली नाही. "गाडी जरा पुढे घे. समोर नको उभी करू."

मी गाडी पुढे लावून परत आले, त्यांच्याजवळ बसले. रस्त्यापलीकडे संस्थेची भिंत होती, आत दुमजली इमारत. गच्चीवर पाच-सहा मुली कपडे वाळत घालत होत्या. एक उंच होती. तिचे केस आता कापलेले होते.

"आठवड्यातून एकदा येते," त्या म्हणाल्या. "तिची कपड्यांची पाळी असते ना आज. आत नाही जात मी. इथूनच बघते." मग म्हणाल्या, "सांगू नकोस कुणाला. यांनाही माहीत नाही."

"चला, मी अलिबागलाच चाललेय. सोडते तुम्हाला घरी."

"नको. अजून बादलीभर कपडे राहिलेत तिचे."

आम्ही बसून राहिलो. सुजाता एक कपडा उचलायची, झटकायची, नीट ताणून दोरीवर घालायची, चिमटा लावायची. मग दुसरा. मंदाताई छत्रीच्या कडेवरून बघत होत्या. त्यांचे ओठ प्रत्येक चिमट्याला हलत होते.

अचानक सुजाता थांबली. हातात ओला टॉवेल घेऊन ती कठड्याशी आली आणि रस्त्याकडे बघायला लागली. सरळ थांब्याकडे.

मंदाताईंनी झटकन छत्री पूर्ण खाली घेतली आणि तिच्यामागे मान घातली. काळ्या कापडाआड त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. त्यांनी चाचपडत माझं मनगट धरलं.

"काय करतेय गं?" त्या कुजबुजल्या. "मला दिसत नाही. तू बघून सांग."

"बघतेय इकडे."

"अजून?"

"अजून."

मनगटावरची पकड घट्ट झाली. एक ट्रक गेला, मग एक एसटी. एसटी गेल्यावर मी वर पाहिलं.

"वळली," मी म्हटलं. "टॉवेल वाळत घालतेय."

"चिमटा लावला का?"

"लावला."

त्यांनी मान हलवली. पण छत्री बराच वेळ वर केली नाही.